वजन पाहून घेतलेलं क्रिप्टोचं यंत्र

आमच्या घरातलं क्रिप्टो खणायचं यंत्र मी वजनावरून निवडलं.

हसू नका. कुकर, कूलर, शिलाई मशीन, सगळं मी उचलून पाहूनच घेतलंय आणि एकही वस्तू परत गेलेली नाही. (नवरा तेवढा न उचलता घेतला. ती घाई वडिलांची.)

तर निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांनी ठरवलं, घरबसल्या आभासी नाणी खणायची. म्हणजे यंत्राने अवघड गणितं सोडवायची आणि बक्षीस म्हणून नाणी मिळवायची. गणितं घालतं कोण आणि उत्तरं हवीत कोणाला, हे ह्यांना सांगता येईना. मला तर ती नाणी ठेवायची कुठे हेच कळेना!

बिट्टन मार्केटच्या दुकानात दोन वस्तू समोर आल्या. एक ग्राफिक्स कार्ड आणि एक पंखे लावलेलं खोकं.

"आंटीजी, नए लोगों के लिए कार्ड सही है," दुकानदार म्हणाला. "मन भर गया तो गेम वालों को बेच दो. ये डिब्बा तो एक ही काम करता है."

"एक ही करता है, तो ढंग से करता होगा!"

मी दोन्ही उचलून पाहिली. कार्ड शेवेच्या पुड्याएवढं हलकं. खोकं उचलताना मनगट कळवळलं. झालं, ठरलं!

"अगं, आवाजाचं काय?" हे पुटपुटले.

मी खोकं तिथेच चालू करून घेतलं. बाहेर भाजीचा हाट भरलेला, शेजारी जनरेटर धडधडतोय.

"कुठंय आवाज?"

"बरं. पण हे फसलं, तर नवा फ्रिज मी निवडणार."

ह्यांनी एकट्याने निवडलेला सोफा भिंतीपेक्षा लांब निघाला होता. त्यामुळे खोकं फसून चालणार नव्हतं!

मिसरोदला आमच्या फ्लॅटमध्ये खोकं सुरू झालं आणि खिडक्या थरथरायला लागल्या. टीव्हीवरची बातम्यांची बाई नुसतंच तोंड हलवू लागली. खोकं मागच्या बाल्कनीत नेलं, तर तिथून भट्टीसारखी झळ.

"निघालं का नाणं?" मी ओरडले.

"तुकडा निघालाय!"

"फुटलं की काय?"

"अगं, तेवढंच मिळतं!"

चोरांच्या भीतीने ह्यांनी बजावलं होतं, कोणाला सांगायचं नाही. म्हणून खालच्या तिवारीभाभींनी "ऊपर क्या ले आईं?" विचारलं, तेव्हा मी नुसती हसले. दुसऱ्या दिवशी त्या गव्हाचा डबा घेऊन दारात!

"चक्की लगा ली और हमसे छुपाती हो! महीन पीसना, हाँ."

चक्की नाही म्हणावं, तर काय आहे ते सांगावं लागणार. ते सांगितलं, की "कितना कमाया?" येणार. तेही ह्यांच्यासमोर! मी निमूट डबा घेतला, मागच्या जिन्याने खऱ्या चक्कीवर गेले आणि दळून आणलं.

"क्या पिसाई है!" भाभींनी बिल्डिंगभर सांगितलं.

मग डब्यांची रांगच लागली. वर खोकं गर्जतंय आणि मी भर उन्हात बिल्डिंगचे गहू वाहतेय. एकीने तर बेसनासाठी चण्याची डाळ आणली!

मे महिन्यात खोकं तापून जळकट वास सोडत बंद पडलं. भाभी लगेच हजर.

"आज चक्की बंद? और ये लो, अब तक की पिसाई के पैसे. मना मत करना."

"कौनसी चक्की?" हे आतून बाहेर आले.

मग जवळजवळ सगळं सांगावं लागलं. भाभी भिंतीला टेकून हसल्या. ह्यांनी नोटा शांतपणे मोजल्या.

"चला, यंत्राने काहीतरी कमावलं!"

(तेवढेच पैसे मी आधीच पदरचे चक्कीवाल्याला दिलेले होते. हे मी आजही सांगितलेलं नाही.)

फ्रिज ठरल्याप्रमाणे ह्यांनी निवडला. दुकानात मी फक्त ह्यांची पाठ वळल्यावर एका कोपऱ्याला धरून तो जरासा उचलून पाहिला.

हलला नाही. चांगला असणार!