दोन मिनिटांचं काम

भावना टिपणीस यांच्या घरी आलेला कारागीर एका कामात कधी सुटला नाही. नळवाला आला की जाता जाता दाराची कडी घट्ट करून द्यायचा, इलेक्ट्रिशियन माळ्यावरची बॅग काढून द्यायचा. कुणी कुरकुरत नसे. भावनाताई गोड बोलायच्या, गावाची चौकशी करायच्या, चहाबरोबर बेसनाचा लाडू पुढे करायच्या. कळव्याच्या एका शाळेचं ऑफिस त्यांनी बत्तीस वर्षं सांभाळलं होतं. माणसांकडून काम करून घेणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. त्यांचे यजमान गुरुदत्तराव पाहुण्यांना हे कौतुकाने सांगायचे.

ठाण्यात वर्तकनगरातलं त्यांचं घर चौथ्या मजल्यावर. गेल्या मे महिन्यात एसीच्या सर्व्हिसिंगला सहदेव आला. तिशीचा, सडपातळ, शर्टावर कंपनीचं नाव. आंबिवलीला राहतो म्हणाला, मूळ गाव जुन्नरकडचं. मुलगी सान्वी जूनमध्ये पहिलीत जाणार होती. त्याने तासाभरात जाळ्या धुतल्या, गार हवा हाताला लावून दाखवली आणि सामान आवरायला घेतलं.

"बाहेरचं मशीन नाही बघितलंस?" भावनाताईंनी विचारलं.

"ते ओके आहे, काकू. बाहेर जायची गरज नाही."

खिडकीखालच्या छज्ज्यावर, मशीनच्या मागे, दोन दिवसांपूर्वी एक कबुतर मरून पडलं होतं. खिडकी उघडली की दुर्गंधी घरभर पसरायची. सोसायटीचा सफाईवाला वर चढायला तयार नव्हता.

"मग तेवढं कबुतर काढून दे ना. पिशवी देते मी."

सहदेवने ग्रिलच्या झडपेतून वाकून पाहिलं. "नको काकू. आज सेफ्टी बेल्ट नाही आणलेला."

"अरे, दोन मिनिटांचं काम. तू एवढा बारीक, सहज जाशील. तोवर मी चहा टाकते."

तो कसनुसा हसला. पिशवी खिशात कोंबून झडपेतून बाहेर उतरला. भावनाताई स्वयंपाकघरात गेल्या. चहाला उकळी फुटायच्या आत खाली काहीतरी आदळलं आणि वॉचमन ओरडत सुटला. छज्ज्याच्या कडेचं सिमेंट निखळलं होतं.

दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलेलं.

संध्याकाळी पोलीस आले. "तो बाहेर कशाला गेला होता?" हवालदाराने विचारलं. गुरुदत्तराव पटकन म्हणाले, "एसीचं बाहेरचं मशीन बघायला." हवालदाराने भावनाताईंकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. जबाब लिहून झाला, खाली त्यांची सही झाली.

कुणीही भावनाताईंना बोल लावला नाही. उलट शेजारच्या बायका धीर द्यायला येत, "तुमच्याच घरी व्हायचं होतं बाई," म्हणत. भावनाताई ऐकून घेत. पण त्यांनी कुणाला काही सांगणंच सोडलं. गॅसवाल्याने सिलिंडर दारात ठेवला, तर "आत ठेव" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघेनात. साठी उलटलेली बाई तो सिलिंडर स्वतः ओढत आत न्यायची.

एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "तुम्ही हॉलमध्येच होतात. तो नको म्हणाला ते तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग मला थांबवलं का नाहीत?"

गुरुदत्तराव भात कालवू लागले. "मलाही वास असह्य झाला होता," ते म्हणाले.

जुलैमध्ये सहदेवचा सहकारी राघो त्याच्या मागे राहिलेल्या बॅगेतली कंपनीची गेजं, गॅसचा दाब मोजायची उपकरणं, न्यायला आला. बॅगेतले पाने आणि पकडी सहदेवच्या स्वतःच्या होत्या. "त्या घरी पोचवतो मी," तो म्हणाला. "नको, मी नेऊन देते," भावनाताई म्हणाल्या आणि पत्ता लिहून घेतला.

आंबिवली स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटांवर बैठी चाळ होती. दारात सहदेवची आई, गंगुबाई, तांदूळ निवडत बसली होती. "ठाण्याहून आल्या? एवढ्या लांब?" म्हणत तिने सून रसिकाला हाक मारली आणि पाण्याचा तांब्या आणायला लावला. भावनाताईंनी तांब्या तसाच उंबऱ्यावर ठेवला. रसिकाने बॅग घेतली, न उघडताच पलंगाखाली सरकवली आणि त्यांना पोचवायच्या निमित्ताने चाळीच्या नळापर्यंत आली.

तिथे भावनाताईंनी सांगून टाकलं. "तो एसीसाठी बाहेर गेला नव्हता गं. मेलेलं कबुतर काढायला मी पाठवलेलं त्याला."

रसिकाने ठिबकणारा नळ घट्ट बंद केला. "ते नाही म्हणाले होते का?"

"म्हणाला होता. बेल्ट नाही म्हणाला. मीच आग्रह केला." त्यांनी रसिकाचा हात धरला. "मी पोलिसांना खरं सांगते. उद्याच जाते."

"काही सांगू नका!" रसिका एकदम वळली. घराकडे नजर टाकून तिने आवाज खाली आणला. "कंपनीचा विमा आहे. कंपनीचं काम करताना गेले असतील तरच मिळतो. राघोभाऊ बोललेत. तुमच्या कबुतरापायी गेले म्हटल्यावर आम्हाला कोण विचारणार? तुमचं मन हलकं होईल काकू. माझ्या पोरीचं काय?"

माफीचे शब्द भावनाताई गाडीत जुळवून आल्या होत्या. ते तसेच राहिले.

"आणि इथे परत येऊ नका," रसिका म्हणाली. "आई तुम्हाला चांगलं समजतात. तुमच्यासमोर मला गप्प बसायला नाही जमणार."

ऑगस्टमध्ये विम्याचा माणूस घरी आला. चष्मा लावलेला, नम्र. गुरुदत्तराव बोलायला सरसावले, पण भावनाताईंनी हातानेच त्यांना थांबवलं. "माझ्यासमोरच गेला तो," त्या म्हणाल्या. "बाहेरच्या मशीनमधून आवाज येत होता. ते तपासल्याशिवाय काम पूर्ण होत नाही म्हणाला. कामाला फार चोख होता." शाळेत साहेबांना हजेरीपट वाचून दाखवायच्या, तशा सपाट आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. त्या माणसाने विचारलं, "बेल्ट होता?" "मी तिकडे लक्ष दिलं नाही," त्या म्हणाल्या. हेही खोटंच होतं.

दिवाळीच्या आधी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"काकू, रसिका बोलतेय. झालं ते विम्याचं काम."

"बरं झालं. सान्वी कशी आहे?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कुणी पोर काहीतरी मागत होतं.

"विचारते कधीमधी, पप्पा कुणाकडे गेलेले म्हणून," रसिका म्हणाली. "मी सांगते, एका चांगल्या घरी."

मग तिने फोन ठेवला. भावनाताई मोबाइल दोन्ही हातांनी धरून बसून राहिल्या. गुरुदत्तराव "कुणाचा होता?" विचारत आले, तेव्हा त्यांनी उठून छज्ज्यावरची खिडकी लावून घेतली.