फलकावरचा दुसरा रकाना

अनंत बापट यांनी पुण्यातल्या एका शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं, आणि त्या चौतीस वर्षांत निबंधाला दहापैकी सातच्या वर गुण कुणालाही दिले नाहीत. अपवाद एकच. एका मुलीला साडेसात दिले गेले, तेव्हा घरी येऊन बायकोला म्हणाले, "कुसुम, आज जरा वाहवलो." कौतुक मिठासारखं चिमटीनं घालावं, असं ते म्हणत. प्रत्यक्षात ती चिमूटही त्यांच्या हातून सुटत नसे. कुसुमताईंनी चाळीस वर्षं आमटी केली आणि चाळीस वर्षं "ठीक आहे" एवढंच ऐकलं. त्यातल्या कुठल्या "ठीक"मध्ये दुसरी वाटी मागितली जाते आणि कुठल्या नाही, हे त्यांना आता पाठ झालं होतं.

निवृत्त झाल्यावर सरांनी पेपर तपासायचे थांबवले आणि सिनेमे तपासायला घेतले. थेटरात लागलेला मराठी सिनेमा पहिल्याच आठवड्यात बघायचा, मोबाइलवरच्या मालिका दुपारी बघायच्या, आणि संध्याकाळची टीव्हीवरची मालिका कुसुमताईंबरोबर, त्यांना एक संवाद धड ऐकू न देता. मग रविवारी दहाला सदाशिव पेठेतल्या लोकहित वाचनालयाच्या व्हरांड्यात निकाल लागे. दहाबारा जण जमत. 'राजमुद्रेची आण' नावाचा दीड कोटींच्या सेटचा ऐतिहासिक सिनेमा आला, तेव्हा सर म्हणाले, "घोडे उत्तम धावलेत. पुरस्कार घोड्यांना असता तर स्पर्धाच नव्हती." 'चौकशी चालू आहे' ही मालिका सगळ्यांनी डोक्यावर घेतली होती. सरांनी तिच्यावर एकच वाक्य खर्च केलं, "आठव्या भागात पोलिसांना खुनी सापडतो, प्रेक्षकाला तो दुसऱ्याच भागात सापडलेला असतो." लोक हसत. लोक हसले की सर चष्मा पुसत.

या मंडळींचा मोठा सण म्हणजे मुंबईतल्या एका वाहिनीचे वार्षिक पुरस्कार. नामांकनं जाहीर झाली की पुढच्या रविवारी सर वाचनालयाच्या काळ्या फलकावर नऊ विभागांतले आपले अंदाज खडूनं लिहीत, प्रत्येक नावापुढे एकेक शेरा मारत, आणि सोहळा होईपर्यंत तो फलक कुणी पुसायचा नाही, असा रिवाज होता. अठरा वर्षांत सरांचा दरसाल नवातला एखादाच अंदाज चुकला. त्यात फारशी जादू नव्हती. वाहिनीनं स्वतः काढलेला सिनेमा कुठला, तिच्या मालिकेत सध्या कोण काम करतं, एवढं बघितलं की नावं आपोआप कळत. "ज्याचं लग्न त्याचीच वरात," सर म्हणत, "त्यात घोड्यावर कोण बसणार हे काय विचारायचं?"

पूर्वी फलकावर दोन रकाने असत. पहिला 'मिळेल', दुसरा 'मिळायला हवं'. तीन वर्षांपूर्वी केयूर नावाच्या आयटीतल्या तरुण सभासदानं टोमणा मारला, "सर, हा सेकंड कॉलम म्हणजे रडायची जागा आहे का?" सगळे खो खो हसले. इतरांना वर्षानुवर्षं टोमणे मारणाऱ्या माणसाला तो एक टोमणा झोंबला. पुढच्या वर्षीपासून सरांनी दुसरा रकाना फलकावरून काढून टाकला. घरच्या दोनशे पानी वहीत मात्र ते तो गुपचूप भरत राहिले.

तो फलक ओल्या फडक्यानं पुसून, वाळवून, खडू हातात देण्याचं काम वाचनालयाचे शिपाई ज्ञानदेव भोयर यांचं. मूळचे वर्ध्याकडचे. हडपसरच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली, कारखाना बंद पडला तेव्हा इथे लागले. लोणी काळभोरला दोन खोल्या, तिथून रोज बसनं यायचं. माणूस मितभाषी. पुण्यात इतकी वर्षं काढून बोलणं पुणेरी झालं होतं, पण मनातलं काही निघालं की वर्ध्याची भाषा वर येई. व्हरांड्यातल्या चर्चेत ते कधी बोलत नसत. दाराला टेकून ऐकत, आणि घरी जाऊन मुलीला सांगत. मुलगी उत्कर्षा. कॉलेजात असताना नाटकातून कामं करायची. मागच्या वर्षी तिला 'उरलेला डबा' या छोट्या सिनेमात काम मिळालं. अकरा मिनिटांची भूमिका. त्या अकरा मिनिटांसाठी तिला सहायक अभिनेत्रीचं नामांकन आलं.

शनिवारी दुपारी वाचनालयात कुणी नव्हतं. ज्ञानदेव सरांच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. खोकला दोन महिने हटत नव्हता. शर्ट अंगावर ढगळ झाला होता.

"सर, एक विचारायचं होतं. उद्या फलकावर माह्या पोरीचं नाव येईन."

"येईल. नामांकन आहे तिचं."

"तसं नाही. तुम्ही सिनेमा पाह्यला ना? तिचं काम कसं आहे? खरं सांगा. तिले नोकरीचं पत्र आलं आहे, मगरपट्ट्यात. आणि दुसऱ्या एका सिनेमावाल्यानंही बोलावलं आहे. ती म्हणते, बाबा, तुम्ही सांगाल तसं करते. आता मले काय समजते सिनेमातलं? तुमाले समजते. माही तब्येत ही अशी. पुढच्या आठवड्यात तपासणीले जायचं आहे. त्याच्या आत तिले एक काय ते सांगून टाकतो."

सरांनी तो सिनेमा दोनदा पाहिला होता. दुसऱ्यांदा एकटेच, कुसुमताईंना दाताच्या दवाखान्यात जातो सांगून. कारखान्यात अपघात होतो, नवऱ्याचा डबा न उघडता घरी परत येतो, आणि त्याची बायको, म्हणजे उत्कर्षा, ओट्याशी उभी राहून तो डबा उघडते आणि खाते. शेवटच्या घासापर्यंत. रडत नाही, बोलत नाही. त्या रिकाम्या थेटरात बापट सर रुमाल तोंडात धरून रडले होते. घरी येऊन त्यांनी वहीत दुसऱ्या रकान्यात उत्कर्षा भोयर असं लिहिलं, आणि पुढे आयुष्यात पहिल्यांदा 'दहापैकी दहा' असे गुण दिले.

हे सगळं समोरच्या माणसाला सांगायला दोन मिनिटं पुरली असती. पण तोंडावर कौतुक करायचं म्हटलं की सरांची जीभ टाळ्याला चिकटे. जन्माची सवय. शिवाय त्यांच्या मनात आलं, नुसतं कानात सांगण्यापेक्षा फलकावरच लिहू या. दुसरा रकाना पुन्हा काढू, त्यात हे एकच नाव लिहू. चारचौघांत बापाची मान ताठ होईल.

"उद्या फलक वाचा, ज्ञानदेव," ते म्हणाले. "तिथं लिहीन ते माझं मत."

ज्ञानदेवांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी फलक दोनदा धुतला.

रविवारी व्हरांडा भरला होता. सर रंगात आले. दिग्दर्शनाच्या नावापुढे त्यांनी लिहिलं, 'वाहिनीचे जावई, म्हणून.' हशा पिकला. नायकाच्या नावापुढे, 'अभिनयाचा प्रयत्न केल्याबद्दल.' केयूर मोबाइलवर फोटो काढत होता. टाळ्या पडत होत्या. सातव्या ओळीला सहायक अभिनेत्री आली. सरांनी पहिल्या रकान्यात वाहिनीच्या मालिकेतल्या सूनबाईंचं नाव लिहिलं. मग खडू उजवीकडे नेला, दुसऱ्या रकान्याची रेघ ओढायला.

"सर, उत्कर्षाचं काय?" केयूर मागून ओरडला. "आपल्या भोयरकाकांची मुलगी! लोकल कॅंडिडेट! थोडं तरी पार्शल व्हा!"

सगळे हसले. सरांचा हात थबकला. बापट सर आणि पक्षपात? शिपायाच्या मुलीला गोंजारलं असं उद्या पेठभर होईल, रडायची जागा पुन्हा उघडली म्हणून केयूर दात काढेल. एवढंच त्यांच्या मनात आलं, त्याहून मोठं काही नाही. माणूस दुसऱ्याचं वाटोळं करायला नेहमी कटकारस्थानच रचतो असं नाही. कधीकधी चार लोक हसतील एवढं कारण पुरतं. रेघ ओढायच्या जागी सरांनी वळणदार अक्षरात लिहिलं:

'कु. उत्कर्षा भोयर: नामांकन हाच पुरस्कार समजावा.'

दिवसभरातला सगळ्यांत मोठा हशा त्या ओळीला मिळाला. सरांनी वळून पाहिलं तर ज्ञानदेवही हसत होते. ओलं फडकं छातीशी धरून, सगळे हसताहेत म्हणून.

कुसुमताईंनी केयूरनं पाठवलेला फोटो मोबाइलवर वाचला आणि जेवताना विचारलं, "हे त्या बिचाऱ्या माणसासमोर लिहिलंत?"

"तो टोमणा वाहिनीला आहे. चांगल्याला कधी मिळत नाही, असा अर्थ आहे त्याचा."

"अहो, तो अर्थ तुमच्या डोक्यात. फलकावर कुठे आहे? उद्या जाऊन सांगा त्यांना."

"सांगतो."

सोमवारी ज्ञानदेव आले नाहीत. तपासणीला गेले, कळलं. मग दवाखान्यात भरती झाले, कळलं. कॅन्सर फुप्फुसात पसरला होता. सर रोज म्हणत, उद्या जाऊ. दवाखान्यात जाऊन सिनेमाचं काय बोलायचं, बरं होऊन आले की निवांत सांगू, असं स्वतःला समजावत. खरं म्हणजे त्यांना लाज वाटत होती, आणि लाज वाटते हे कबूल करायचीही लाज वाटत होती. कुसुमताई एकट्या जाऊन भेटून आल्या. परत आल्यावर एवढंच म्हणाल्या, "त्यांना आता बोलवत नाही." सतराव्या दिवशी ज्ञानदेव गेले.

सोहळा त्यानंतर आठ दिवसांनी झाला. नऊच्या नऊ अंदाज बरोबर. असं अठरा वर्षांत झालं नव्हतं. रविवारी मंडळींनी पेढे आणले, केयूरनं "लेजंड!" म्हणून सरांचे पाय धरले. फलक तसाच होता, पुसायला माणूस नव्हता. सातव्या ओळीपुढचा शेराही तसाच. सरांनी पेढा हातात घेतला आणि खाल्ला नाही. मग कुणाला काही न सांगता फडकं शोधलं, सापडलं नाही, तेव्हा स्वतःच्या रुमालानं ती एक ओळ पुसली. खडूची अक्षरं पुसट होऊन पसरली, पण दिसत राहिली.

तेराव्यानंतर ते वही पिशवीत घालून लोणी काळभोरला गेले. ज्ञानदेवांच्या पत्नी तुळजाबाईंनी त्यांना खुर्ची दिली. "तुमचं नाव लय घ्यायचे," त्या म्हणाल्या. "बापट सर असं म्हणाले, बापट सर तसं म्हणाले." भिंतीवर फोटोला हार होता. उत्कर्षा आतून आली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, खांद्याला बॅग.

"सॉरी सर, माझी कॅब येईल एवढ्यात. बसा ना तुम्ही."

"नोकरी लागली?"

"हो. बाबा होते तेव्हाच जॉइन झाले."

"आणि तो दुसरा सिनेमा?"

"नाही म्हणून कळवलं."

सरांनी वही काढली. पान उघडून तिच्या हातात दिलं. तिनं उभ्याउभ्याच वाचलं. वरची तारीख वाचली. फलकाच्या आधीची, नऊ दिवस आधीची. 'मिळायला हवं' वाचलं. आपलं नाव वाचलं, पुढचे गुण वाचले. मग खाली बसली.

"हे बाबांना माहीत होतं?"

"नाही."

तिनं वही मांडीवर ठेवली. "त्या रविवारी घरी आले आणि म्हणाले, सरांनी लिहून दिलं बेटा, तुझ्यात नाही ते. सर खोटं लिहीत नाहीत. मी म्हटलं, बाबा, तो जोक आहे. तर म्हणाले, माझ्यासमोर सर जोक कशाला करतील? मी त्यांना खरं विचारलं होतं. दवाखान्यात माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला त्यांनी. म्हणाले, वचन दे, या नादात आयुष्य घालवणार नाहीस. मी दिलं."

"चूक माझी होती," सर म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. "सर्वस्वी माझी. त्यांनी माझ्या शब्दावर वचन घेतलं, आणि तो शब्दच खोटा होता. ते वचन तू मोड, बाळ. मी सांगतो."

"तुम्ही कसं सांगणार, सर?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता; असता तर त्यांना बरं वाटलं असतं. "वचन तुम्हाला दिलेलं नाही."

बाहेर कॅबचा हॉर्न वाजला. तिनं डोळे पुसले, वही मिटली आणि दोन्ही हातांनी त्यांना परत दिली, शाळेत देतात तशी. तुळजाबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी मुलीचा चेहरा पाहिला, वहीकडे पाहिलं.

"काय लिहिलं आहे गं त्याच्यात?"

"काही नाही, आई," उत्कर्षा म्हणाली. "सरांनी मला पास केलं आहे." आणि ती चप्पल घालून कामावर गेली.