टाकी क्रमांक एक

पाण्याचा नमुना घेणं लांबून पाहणाऱ्याला पूजेसारखं वाटतं. आधी नळाचं तोंड पुसायचं, मग स्पिरिटचा पेटता बोळा धरून ते चांगलं तापवायचं, थोडं पाणी वाहू द्यायचं आणि मगच निर्जंतुक बाटली भरायची. मानपाड्याकडच्या एका गावात मी हे करत होतो, तेव्हा हंडा घेऊन उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, "नलाची आरती करतंस काय रं बाबा?"

"हो. प्रसाद चार दिवसांनी कळेल."

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. गावात पहिल्यांदाच टाकी बांधून चार नळ बसवले होते, आणि येत्या रविवारी जिल्हा लोकल बोर्डाचे अध्यक्ष ते लोकांसाठी खुले करणार होते. पाणी पिण्याजोगं असल्याचा माझा दाखला तेवढा फायलीला जोडायचा राहिला होता.

ठाण्याच्या प्रयोगशाळेत नळ्यांतला जांभळा द्रव पिवळा झाला आणि आतल्या उलट्या नळ्यांत वायू धरला. खात्रीची तपासणीही तेच म्हणाली: पाण्यात विष्ठेतले जंतू. टाकीला पाणी पुरवणारी विहीर बरी होती, पाइप कोरे होते. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. टाकी भरली त्या दिवशी समितीने घराघरांतले काशीहून आणलेले गंगाजलाचे गडू जमवून, तोंडावरची डाखाची झाळ फोडून, टाकीत ओतले होते. काही गडू आजोबांच्या वेळचे. वर पंचामृत. फुलं वाहायला चौघे पाण्यात उतरले, तेही शेतावरून आलेल्या अनवाणी पायांनी, कारण चपला घालून उतरणं अपवित्र. यातल्या कशाने घात केला ते जंतूंनी सांगितलं नाही. मी 'पिण्यास अयोग्य' लिहून सही केली.

आरोग्य खात्यातल्या माझ्या साहेबांनी बोलावलं. "अहो, तुम्ही गंगेला नापास केलंत."

"टाकी क्रमांक एकला केलंय."

"पत्रिका छापून वाटून झाल्यात."

"जंतूंना वाचता येत नाही, साहेब."

ते हसले नाहीत. "नवा नमुना दाखवा. बाटली आपल्या इथल्या नळावर भरा. आणि तुमची नेमणूक अजून हंगामी आहे, विसरू नका."

"नेमणूक हंगामी आहे. सही कायमची असते."

शनिवारी रजा टाकली आणि डोंबिवलीला उतरून भाड्याच्या सायकलवर त्या गावात गेलो. टाकीपाशी जमलेल्या बायकांना सांगितलं, हे पाणी पिऊ नका. पोरांना जुलाब लागतील, त्यातून एखादं जाईलही. जुन्या विहिरीत आम्ही जंतू मारणारी पावडर टाकतो. वास येतो, पण ते पाणी प्या.

म्हातारीने ओंजळीत पाणी धरून उन्हात पाहिलं. "दिसत त नाय काय."

"डोळ्यांना दिसलं असतं तर सरकारने मला पगार कशाला दिला असता?"

रविवारी मंडप, हार, लाउडस्पीकर. अध्यक्ष अर्धा तास आरोग्यावर बोलले. मी मागे उभा होतो. साहेब पुढच्या खुर्चीतून वळून वळून माझ्याकडे पाहत होते. अध्यक्षांनी नळ सोडला, टाळ्या पडल्या. म्हातारीने चांगला घासलेला पेला भरून त्यांच्यापुढे धरला. "पयला घोट तुमी घ्या, दादा."

अध्यक्षांनी पेल्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. म्हणजे माझा कागद त्यांनी वाचला होता तर! "आज माझा उपास आहे, आजी."

"उपासाला पानी चालतं."

"माझा निर्जळी आहे."

"मंगाशी चाय घेतलीव ती?"

 म्हातारीने पेला तिथेच मातीत ओतला, रिकामा हंडा कमरेवर घेतला आणि जुन्या विहिरीकडे चालू लागली. तिच्यामागे दुसरी गेली, मग तिसरी. लाउडस्पीकरवर आभारप्रदर्शन चालू होतं, तोवर नळांपाशी एकही हंडा उरला नाही.

सोमवारी साहेबांनी टाकी रिकामी करून घासण्याचा हुकूम काढला, स्वतःच्या सहीने. मी नव्या नमुन्यासाठी बाटल्या उकळायला ठेवल्या.