मोरेत्तींचे नामवंत भाऊबंद

समोरच्याचं आडनाव कळलं की त्याचं सगळं खानदान उकरून काढल्याशिवाय गुणवंत हिंदळेकरला अन्न गोड लागत नसे. आखातात, जुमेरा लेक टॉवर्समधल्या त्याच्या फरशीच्या कंपनीत मोरेत्ती नावाचे इटालियन साहेब आले, तेव्हा तर त्याने कामधाम सोडून जगातल्या नामवंत मोरेत्तींची यादीच टाइप केली. सिनेमावाले, फुटबॉलवाले, कोणाला म्हणून सोडलं नाही. प्रमोशन जवळ आलं की माणसाला असा इतिहासाचा उमाळा येतोच.

“सर, यातले तुमचे कोण?” त्याने अदबीने विचारलं.

“कोणीच नाही. माझे वडील ट्रक चालवायचे,” साहेब हसत म्हणाले. “पण आपल्या जबल अलीच्या गोदामात एक हिंदळेकर फोर्कलिफ्ट चालवतो. तो तुझा कोण?”

“छे छे, सर! हिंदळेकर काय, आमच्या कोकणात पैशाला पासरी.”

दुपारी गुणवंतने डबा उघडला. त्यातलं लोणचं त्याच्या सख्ख्या काकूच्या हातचं होतं. तिच्या मुलाने, त्या फोर्कलिफ्टवाल्यानेच, सुट्टीवरून येताना बरणी आणून दिली होती. गुणवंतने फोड चोखली आणि शेजारच्याला अभिमानाने सांगितलं, “घरचं आहे!”