उजव्या हाताची मूठ

मी तिसरीपर्यंत शिकलो. तरी सांगायचं ते सांगणारच, कोणाला पटो न पटो.

बायकोला अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. आदिलाबादच्या दवाखान्यात नवा डॉक्टर होता. त्यानं तिला तेलुगूत सांगितलं, हात उचल, डोळे मिट. ती नुसती पाहत राहिली. तिला जन्मात तेलुगू आली नाही. डॉक्टर म्हणाला, हिला आता काही समजत नाही.

मी म्हटलं, "मराठीत इचारा ना सायेब."

तो माझ्याकडेही तसाच पाहायला लागला. आमच्या तालुक्याच्या, बोथच्या कचेरीत सगळं तेलुगूत चालतं, तिथं मी जन्मभर हीच नजर खाल्ली. माझी तेलुगू मोडकी, म्हणून माझं डोकंही मोडकं! पोरगा तेलुगू शाळेत शिकलेला. त्याला डॉक्टरचं पटलं, बापाचं नाही.

तेव्हापासून तिला घरात कोणी काही विचारत नाही. विचारतात पोराच्या फोनला, त्यातल्या बोलत्या मशीनला. तो बोलतो मात्र झकास, पुस्तकातल्यासारखी मराठी, आणि तेलुगूही. पोरगा म्हणतो, "पाहा बाबा, किती हुशार हाये." एकदा त्यानं आईबद्दलही त्यालाच विचारलं. फोननं गोड आवाजात लांबलचक सांगितलं. त्या फोननं तिला कधी पाहिलं नाही, तिच्या हातची भाकर खाल्ली नाही. ती शेजारच्या खाटेवर होती.

आमच्यात ज्वारी पेरताना तिफणीच्या चाड्यात, म्हणजे बी सोडायच्या लाकडी वाटीत, पहिली मूठ घरातल्या थोरल्या बाईची. माझी माय गेल्यापासून ती मूठ बायकोची. औंदा पोरगा म्हणाला, "तुमच्या सुनेच्या हातानं टाकू. आईले काय समजते आता?"

"तिच्या मुठीबिगर तिफण चालनार नाई," म्हणून मी दांडीवरच जाऊन बसलो.

"काऊन हट्ट करून राह्यले बाबा? लोकं हासतीन."

"हासू दे."

शेवटी तिला बैलबंडीत घालून वावरात आणलं, तिफणीपाशी खाली बसवलं. सुनेनं बियांचं सूप पुढं धरलं. मी म्हटलं, "टाक." तिनं डाव्या हातानं मूठ भरली आणि थांबली. डाव्या हातानं आमच्यात बी देत नाहीत. तिनं दाणे मांडीवर ठेवले. डाव्या हातानं मेलेला उजवा हात उचलून आणला, त्याची बोटं एकेक करून उघडली, त्यात दाणे भरले, आणि तसाच तो हात धरून चाड्यावर रिता केला. अर्धे दाणे मातीत सांडले. मी फक्त "टाक" म्हटलं होतं. बाकी तिचं.

मी पोराकडे पाहिलं.

"सवय हाये ते, बाबा. इतक्या वर्साची."

"हिची सवय, त मंग तुह्या फोनचं काय हाये, समज?"

तो हसला. "तो त बोलते, बाबा."

ती त्याच्या पायाशीच बसली होती. सगळं ऐकत होती.