मालाडच्या गोळ्या

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या नवऱ्याला यातलं अर्धं माहीत आहे. तो त्या अर्ध्यावरच गप्प बसला, म्हणून मी त्याच्यावरही चिडून आहे — पण तो माझा माझ्यावरचा राग, त्याच्यावर कशाला काढू? उरलेलं अर्धं फक्त मला माहीत आहे, आणि एका मुलीला. ती आता कुणाला सांगायला जाणार नाही. ती सांगत होती तेव्हा तिचं कुणी ऐकलं नाही. माझ्यामुळे.

मी बोरीवलीत योगाचे वर्ग घेते. पूर्वेला, आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये, सकाळी. बायका येतात, काही रिटायर्ड पुरुषही येतात. मला कुणी काकू म्हणतं, कुणी मॅडम. मी चांगली शिकवते, हे आधीच सांगून टाकते. योग खोटा, असं मी पुढे कुठेही म्हणणार नाही. श्वासाकडे लक्ष देऊन बसलं की माणूस सावरतो, हे मी स्वतःवर पाहिलंय. योग खोटा नाही. खोटी मी आहे.

आई गेली त्या वर्षी मला त्रास सुरू झाला. मी तेव्हा कांदिवलीच्या एका शाळेत ऑफिसात होते. भाजी घेताना, बँकेच्या रांगेत, कुठेही — छाती धडधडायला लागायची, हात गार पडायचे, आणि आता आपण मरणार अशी खात्रीच वाटायची. ईसीजी नॉर्मल. पुन्हा काढला, पुन्हा नॉर्मल. शेवटी आमच्या डॉक्टरांनी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बोरीवलीत तसे डॉक्टर नव्हते का? होते की. पण त्यांच्या जिन्यावर मला कुणी पाहिलं असतं तर? म्हणून मी मालाडला जायचे. कुणी विचारलं की सांगायचे, ब्लाउजपीस आणायला चाललेय. आणि खरंच येताना एखादा ब्लाउजपीस घेऊन यायचे. कपाटात अजून पडलेत, न शिवलेले.

त्या डॉक्टरबाई फार चांगल्या होत्या. त्यांनी गोळ्या दिल्या आणि प्राणायामाचा वर्ग लावायलाही सांगितलं. म्हणाल्या, गोळ्यांनी तुम्हाला बसता येईल, आणि बसलात की बाकीचं हळूहळू जमेल. तसंच झालं. गोळ्यांनी झोप आली, धडधड कमी झाली, मग मी डोळे मिटून बसायला शिकले. पुढे त्यातच इतकी रमले की शिक्षिकेचा कोर्स केला. गोळी मात्र सुटली नाही. एकदा कमी करून पाहिली तर पुन्हा तेच सगळं. डॉक्टरबाई म्हणाल्या, राहू दे, एवढीशी गोळी आहे, यात काय कमीपणा?

काय कमीपणा होता, सांगा ना. माझा नवरा शुगरची गोळी ताटाशेजारी ठेवून जेवतो. शेजारच्या आजी ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची नावं आल्यागेल्याला सांगतात. आणि माझी गोळी? ती मी जुन्या कॅल्शियमच्या बाटलीत भरून ठेवायचे. कुणाची भीती होती मला? ज्यांची होती ते माझ्यापेक्षा वेगळे नव्हते. मीच त्यांच्यातली एक होते.

खोटं कसं सुरू झालं तेही सांगते. शेजारीण म्हणाली, "चेहरा कसा झकास दिसतोय तुझा, काय केलंस गं?" मी म्हटलं, योग. यात खोटं काही नव्हतं. मग ती म्हणाली, "आणि गोळ्याबिळ्या?" मी म्हटलं, "छे, गोळ्या कसल्या." बस्. तेवढंच. तिथे ते मिटलं असतं. पण लोकांना ते फार आवडलं. एक बाई वेडी व्हायच्या बेतात होती आणि नुसत्या श्वासाने बरी झाली — अशी गोष्ट कुणाला नाही आवडत? योग दिनाला सोसायटीत कार्यक्रम झाला, मला शाल-श्रीफळ दिलं, माईक हातात दिला. मी म्हटलं, "मी एकही गोळी न घेता बरी झाले." टाळ्या वाजल्या. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि तो फिरत फिरत मुलुंडच्या माझ्या नणंदेपर्यंत गेला. नवरा पहिल्या रांगेत बसला होता. घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "एवढं बोलायची गरज होती का?" मी म्हटलं, "लोकांना उमेद येते ना." बघा, कसं उत्तर तयार होतं माझं.

मग राजश्री आली.

सी विंगमध्ये राहायची. अंधेरीला नोकरी, नवरा निखिल, घरात सासूबाई, आणि ओवी नावाची छोटी मुलगी. ओवी झाल्यावर राजश्री खूप खचली होती. तान्ह्या मुलीकडे बघायचीसुद्धा नाही. औषधांनी ती सावरली, पुन्हा कामाला जायला लागली. गोळ्या चालू होत्या आणि ती त्या लपवायची नाही. हे मला तेव्हाच खुपलं होतं, आज कबूल करते. मला जे जमलं नाही ते ही पोरगी बिनधास्त करत होती.

तिला माझ्याकडे पाठवलं सासूबाईंनी. माझा व्हिडिओ दाखवून. "काकूंना बघ. तुलाच कशाला लागतात गं त्या गोळ्या?"

ती रोज यायची. तिच्याइतकं नेमाने दुसरं कुणी येत नसे. हॉलची किल्ली वॉचमनकडून तीच घ्यायची, खिडक्या उघडायची, सतरंज्या घालायची. एकदा वर्ग संपल्यावर मी जिना उतरत होते, ती मागून आली. म्हणाली, "काकू, तुम्ही गोळ्या कशा सोडल्या? एकदम, की हळूहळू? घरी रोज विषय होतो. माझे डॉक्टर म्हणतात इतक्यात नको. पण तुम्हाला तर जमलं ना."

जिन्यात आम्ही दोघीच होतो. एक शब्द पुरला असता. त्याच सकाळी घेतलेली गोळी माझ्या पोटात होती. आणि मी म्हटलं, "मनाची तयारी झाली की आपोआप सुटतात."

डॉक्टरांना विचार, एवढंही म्हटलं नाही. का? कारण तिने डॉक्टर म्हटलं आणि मला मालाडचा जिना आठवला. तिने आणखी खोदून विचारू नये एवढंच मला हवं होतं.

तिने गोळ्या बंद केल्या. एकदम. सुरुवातीला काही दिसलं नाही, मग डोळ्यांखाली काळं यायला लागलं. शवासनात तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी गळायचं. मला ओळखता आलं नाही असं समजू नका. मी त्यातून गेलेली बाई. मला सगळं कळत होतं. मी वर्गात, सगळ्यांसमोर, तिचं नाव न घेता म्हणाले की श्रद्धा नसेल तर नुसतं शरीर वाकवून उपयोग नाही. ती दुसऱ्या दिवशी अजून लवकर आली.

आणि एका संध्याकाळी ती घरी आलीच नाही. ओवीला पाळणाघरातून आणायला गेली नाही. फोन लागेना. दहिसर नदीच्या पुलावर सापडली, कठडा धरून उभी होती. येणाऱ्याजाणाऱ्या एका बाईला काहीतरी वेगळं वाटलं, तिने तिला हाताला धरून बाजूला बसवलं आणि निखिलचा नंबर काढून घेतला. एका अनोळखी बाईला दिसलं ते.

ती बरेच दिवस हॉस्पिटलमध्ये होती. मी भेटायला गेले नाही. पाठदुखीचं कारण सांगितलं. योगशिक्षिकेची पाठ दुखते यावर कुणी हसलंही नाही.

आता जे सांगायला बसलेय ते सांगते. इतका वेळ वळसे घेत होते, तुमच्या लक्षात आलं असेल.

ती घरी आल्यावर तिचे वडील कुडाळहून आले. लेकीला आणि नातीला काही दिवस गावी नेतो म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, तिला न्या, ओवी मिळणार नाही. रविवारी दुपारी सगळे बसले आणि मला बोलावणं आलं. जाणकार म्हणून. मी गेले. त्यांच्या घरी बाहेरच्या खोलीत सोफ्यावर निखिल, समोर सासूबाई, खुर्चीच्या अगदी कडेला तिचे वडील, आणि खाली भिंतीला टेकून राजश्री. ओवीला शेजारी खेळायला पाठवलं होतं.

सासूबाई म्हणाल्या, "मनावर घेतलं असतं तर बरी झाली असती. ह्या नाही झाल्या? एकही गोळी न घेता? हिला नुसती निमित्तं हवीत. अशा बाईच्या हाती पोर कशी देऊ?"

निखिलने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून निघेल त्यावर तो पुढचं ठरवणार होता, हे मला स्पष्ट दिसत होतं.

तिच्या वडिलांनी हात जोडले. म्हणाले, "बाई, माझी मुलगी रोज येत होती ना तुमच्याकडे? मनापासून करत होती ना? खरा काय ता सांगा."

मी हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न कुठला आला असता? मग ती बरी का झाली नाही? आणि त्याच्या पुढचा — मग तुम्ही कशा झालात? ते दोन्ही प्रश्न मला आधीच ऐकू आले. मी म्हटलं, "यायची. पण नियमित नव्हती. आणि मन लावून करत नव्हती."

राजश्रीने मान वर केली. रडली नाही, ओरडली नाही. हळूच म्हणाली, "काकू, हॉल मीच उघडायचे ना रोज?"

मी चहाचा कप उचलला. त्यावर साय धरली होती, ती मी बोटाने बाजूला करत बसले.

"बघा," सासूबाई म्हणाल्या. त्यानंतर फार काही बोलणं झालंच नाही. निखिल म्हणाला, ओवी इथेच राहील. राजश्री दुसऱ्या दिवशी वडिलांबरोबर कुडाळला गेली, एकटी. तिच्या सासूने तिच्यापासून मूल तोडलं असं म्हणायला मला आवडेल. निखिल बुळा निघाला असंही म्हणायला आवडेल. ती दोघं त्यांच्या अज्ञानात बोलत होती. त्या खोलीत खरं काय ते माहीत असलेली बाई एकच होती, आणि ती चहावरची साय काढत होती.

त्यानंतरच्या सकाळी वर्गात एक बाई म्हणाली, "नियमितपणा नसला की असं होतं, मॅडम सांगतातच." मी "हो" म्हटलं आणि पुढचं आसन सांगितलं. पुढे काही महिन्यांनी मी ते गोळ्यांचं वाक्य बोलायचं सोडलं. फक्त सोडलं. उलट कधी बोलले नाही. कुणी माझ्यादेखत ते कौतुकाने सांगितलं तर नुसती हसायचे. अजून हसते. मालाडला अजून जाते. बाटली आता कॅल्शियमची नाही, मल्टिव्हिटॅमिनची आहे.

मला संताप येतो तो या सगळ्या गोडगोड बोलण्याचा. मन खंबीर ठेवा, नको ते विचार करू नका, श्वास घ्या, सोडा — आणि कुणी बुडत असेल तर तिने श्वास नीट घेतला नाही म्हणून तिलाच बोल लावायचा. हे आम्ही करतो. शांत आवाजात करतो. मी तर फारच शांत आवाजात केलं.

राजश्रीने कुडाळला गोळ्या पुन्हा सुरू केल्या. बरी झाली, तिथेच नोकरीला लागली. ओवी दर सुट्टीत तिच्याकडे जाते. मधली वर्षं गेली ती गेलीच. ओवीचा पहिला पडलेला दात, शाळेचा पहिला दिवस, सगळं तिने फोनवर पाहिलं.

गेल्या मे महिन्यात मी वर्गाला निघाले होते, तर ती गेटजवळ उभी. ओवीला न्यायला आलेली. रिक्षा थांबली होती, ओवी पिशवी आत कोंबत होती. मला लपायला जागा नव्हती. राजश्रीच पुढे आली. थोडी भरली होती अंगाने, केस कापले होते.

"बऱ्या आहात ना काकू?"

मी हो म्हटलं. मग तीच म्हणाली, "तुम्ही शिकवलेलं अजून करते मी. रोज सकाळी. आणि गोळीही घेते. दोन्ही लागतं मला." अगदी साधं बोलली. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

मलाही लागतं. मीही घेते. एवढंच बोलायचं होतं, आणि तिच्याशिवाय ऐकायला तिथे कुणी नव्हतं.

मी म्हटलं, "छान."

तिने ओवीला आधी बसवलं, मग स्वतः बसली. रिक्षा हायवेकडे वळली. हॉलमध्ये बायका माझी वाट बघत होत्या. मी गेले, त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि वर्ग घेतला.