थियफील महाराज कोण?

"काका, इथं कीर्तन नाही चाललेलं. अभ्यास चाललाय."

सर असं म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. पंचवीस-तीस माणसं. पोरीबाळी तोंडावर हात ठेवून. मी मागच्या खुर्चीत, बोट अजून ओळीवर.

मी विचारलं होतं एवढंच, की बायबलातलं हे शुभवर्तमान लूकानं ज्यांना लिहिलं ते थियफील महाराज कुठल्या गावचे? आमच्याकडं महाराज म्हणजे बुवा. आळंदीचे, देहूचे. मी चौथी शिकलेलो. अक्षर लावून लावून वाचतो. महाराज लिहिलंय, मी महाराज वाचलं.

फळ्यावर लिहिलं होतं, 'पार्श्वभूमी आणि उद्देश'. दर रविवारी, चर्चात उपासना झाल्यावर, मंडळीच्या हॉलमध्ये हा वर्ग. सर कॉलेजातून रिटायर झालेले. पणजोबा शास्त्री होते, मग ख्रिस्ती झाले, हे ते दर दोन वाक्यांनी सांगतात. माझा आजा पण ख्रिस्ती झाला. महारवाड्यातून आला. इथं वर-खाली नाही असं त्याला सांगितलं होतं म्हणून आला.

वर्गात मी हौसेनं गेलो नव्हतो. माझ्या बायकोनं हा हॉल बावीस वर्षं झाडला, सगळ्यांना चहा केला. तिला अक्षर येत नव्हतं. शेवटच्या दुखण्यात सर हडपसरला आमच्या खोलीवर प्रार्थनेला आले, तेव्हा तिनं उशाला टेकून विचारलं, "सर, लूकानं हे कशापायी लिहिलं वो?"

सर म्हणाले, "मावशी, बऱ्या व्हा आणि वर्गाला या. पहिली खुर्ची तुमची."

ती अकरा दिवसांनी गेली. तिचा प्रश्न राहिला. तो घेऊन मी गेलो. पहिल्या खुर्चीवर कुणाची तरी पर्स होती. शेजारच्या बाई म्हणाल्या, काका, जागा धरलीय, मागं बसा. बसलो. तीन रविवार बसलो.

तर हसणं थांबल्यावर सरांनी समजावलं. महाराज हा मान आहे. थियफील मोठा माणूस होता, बहुतेक सरकारी अंमलदार, शिकलेला. मग माझ्याकडं बघून म्हणाले,

"तुम्ही असं करा, चहाचं बघा. मावशी असत्या तर एव्हाना आला असता."

मी उठलो. खोटं कशाला सांगू, सवयीनं उठलो. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. ओट्यावर तिचं पातेलं पालथं घातलेलं होतं. तिथं माझा पाय अडला. पहिली खुर्ची देणारा हाच माणूस. मातीच्या वेळी, ही आम्हाला आईसारखी होती म्हणून डोळे पुसणारा हाच.

मी मागं फिरलो.

"सर, मोठ्या माणसाला लिहिलं ना? मग आत विधवा, महारोगी, दारातला भिकारी कशाला घातला? आम्हाला आमची गोष्ट म्हाईत हाय. त्या थियफीलाला नव्हती म्हणून घातली. म्हंजी अभ्यास तुम्हा शिकलेल्यांना लावलाय लूकानं."

सरांनी घड्याळ बघितलं. वेळ झाली, प्रार्थना करू म्हणाले. प्रार्थनेत, आम्ही सर्व तुझी सारखीच लेकरं, असं आलं. मी डोळे मिटले नाहीत. एकेकाचं तोंड बघत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी हॉलची किल्ली मंडळीच्या सेक्रेटरींकडं दिली. तिच्यामागं झाडलोट मीच करत होतो. ते म्हणाले, "अहो काका, एवढं काय मनावर घेता? मग झाडणार कोण?"

"ज्यांचा वर्ग त्यांनी झाडावा."

"म्हणजे तुम्ही येणार नाही?"

येणार. दर रविवारी येणार आणि पहिल्या खुर्चीवर बसणार. पर्स असली तर खाली ठेवीन. वाचताना अडलो की मोठ्यानं विचारणार. हसले तर पुन्हा विचारणार. लूक संपला की योहान काढा म्हणणार. मला तिथून उठवायचं असलं तर चौघांनी धरून उठवावं लागेल, आणि तेही सगळ्या मंडळीच्या देखत.